देठाला धरून

मंजुळा भोये, वय एकोणपन्नास, डावा स्तन.
मूळ गाव पेठकडे, हल्ली मुक्काम पिंपळगाव,
द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कात्रीवर.
फॉर्मवर इतकंच.

तिचा तुकडा मेणाच्या वडीत बसून आला
मुंबई नाक्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये, मंगळवारी.
द्राक्षाच्या सालीहून पातळ काप काढला,
काचेवर पसरला,
आणि त्यावर शेंगदाण्याचा अर्क सोडला.

खरंच शेंगदाण्याचा.
भुईमुगाच्या दाण्यात एक प्रथिन असतं,
ते साखर ओळखतं, तीही ठरावीक वळणाची,
आणि भेटली की तिला सोडत नाही.
निरोगी पेशीवर त्याच्या हाती फारसं लागत नाही:
तिथे कडीवर कडी, वर आणखी एक,
सगळं नीट झाकलेलं.
इथे मात्र
काच तपकिरी होत गेली.

म्हणजे साखळी अर्धीच ओवली गेली.
पेशीच्या आत, जिथे प्रथिनांना साखरेचे तुरे चढवतात,
तिथली कामकरीण मध्येच उठून गेली,
किंवा तिला कुणी उठवलं.
प्रथिन तेच, मण्यामागून मणी तेच.
वेष तेवढा बदलला.
वेष बदलला की शेजारीही ओळख विसरतात.

हे रिपोर्टात जात नाही.
रिपोर्टात ईआर, पीआर, हर-टू, त्यांचे आकडे, खाली माझी सही.
साखरेचा भाग माझ्या अभ्यासापुरता,
त्यासाठी तिने संमतीच्या कागदावर
सावकाश, जोडाक्षर न चुकवता नाव लिहिलेलं.

गुरुवारी सुनेला घेऊन आली.
कागद पिशवीत ठेवला नि तिथेच उभी राहिली.
'साखरेवर बघताय म्हणं. मग चहा सोडू का?'

नाही हो, म्हटलं. ही साखर डब्यातली नव्हे.
ही पेशी स्वतःच रांधते, स्वतःच अंगावर चढवते,
तुम्ही किती पेढे खाल्ले
याचा हिशेब तिथे असा सरळ लागत नाही.
अंगावरच्या या थरावरूनच दुसऱ्या पेशी तिला ओळखतात.

ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, 'मण्यावरची साय.'

'पहिल्या दिवशी सांगतेत आमाला,
घडाला हात लावायचा नाही, देठाला धरायचं.
बोट लागलं का साय पुसती, माल मागं येतो.
पण भुरी पडली तरी पांढरंच दिसतं.
नव्या पोरींना फरक कळंना.
मला कळतो. लांबून.'

मला कळायला अकरा वर्षं लागली, हे मी बोलले नाही.
आणखीही बरंच बोलले नाही:
की काही पेशी साखळीच्या टोकाला
आंबटसर साखरेची टोपी घालतात,
आणि रक्तातले पहारेकरी
आपलंच माणूस समजून बाजूने निघून जातात.
की शेजारणीला धरून ठेवणारं जे प्रथिन,
त्याच्यावरच साखरेला जास्तीच्या फांद्या फुटल्या
तर पकड ढिली पडते.

तिने विचारलं, बघू का?
मी स्टूल खाली केलं. उजवा डोळा लावला तिने,
डावा हाताने झाकून, पोरीसारखा.
बाहेर उड्डाणपुलावर ट्रकची रांग हॉर्न देत होती.
किती वेळ गेला कोण जाणे.

'मणीगळ हाय ही,' ती म्हणाली.
'घड धरून नाही राहिला.'

सून एकदम खिडकीकडे वळली.
मी म्हटलं, सगळे नाही सुटले, इथे बघा, ही कड,
इथे अजून घट्ट आहेत,
आणि डॉक्टर सोमवारी ठरवतील.
'सोमवारी कंटेनर भरायचाय,' ती म्हणाली,
मग स्वतःच, 'भरतील दुसऱ्या.'

जाताना काच तिनेच यंत्रावरून उचलली,
मी हो-नाही म्हणायच्या आत,
दोन बोटांनी, कडेला धरून,
मधल्या तपकिरी डागाला
कुठेही बोट न लावता.